दम, खोकला आणि घोरणं : मुंबईच्या सरकारी ओपीडीत उपचार घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती मुंबईतल्या महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत छातीचे किंवा झोपेचे उपचार घेणाऱ्यांसाठी आहे. पुणे, नागपूर, ठाणे इथल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. डोस आणि औषधं तुमचे डॉक्टरच ठरवतील. इथे भर आहे तो तपासणी नीट व्हावी आणि लिहून दिलेलं औषध खरोखर फुप्फुसात पोहोचावं, यावर.

दम लागतो. थेट केईएम किंवा सायनला जाऊ का?

जाऊ शकता, पण पहिली पायरी घराजवळची असली तर बरं. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ‘आपला दवाखाना’ केंद्रात रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि बेडक्याची तपासणी होते. दम लागण्यामागे फुप्फुस नसून रक्त कमी असणं किंवा हृदयाचा त्रास असणं हेही सर्रास आढळतं, आणि ते बरेचदा पहिल्याच पायरीला लक्षात येतं. तिथून चिठ्ठी घेऊन केईएम (परळ), नायर (मुंबई सेंट्रल), सायन, कूपर (जुहू) किंवा जेजे (भायखळा) इथल्या चेस्ट ओपीडीत गेलात, तर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांची युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटचे वार ठरलेले असतात. केसपेपरवर युनिट आणि वार लिहिलेला असतो. पुढच्या वेळी त्याच वारी या. वेगळ्या वारी आलात तर वेगळे डॉक्टर भेटतात, आधीच्या डॉक्टरांनी काय ठरवलं होतं ते त्यांना माहीत नसतं, आणि औषध बदलून मिळतं. केसपेपरची खिडकी सकाळी लवकर उघडते आणि दुपारच्या आत बंद होते. रोजंदारीवर असाल तर त्या दिवसाचा खाडा धरूनच निघा.

सोबत काय न्यायचं?

आधीचे सगळे एक्स-रे (रिपोर्ट नव्हे, फिल्म), आधी टीबीचे उपचार झाले असतील तर ते कार्ड, आधार आणि रेशनकार्ड. शिवाय सध्या घेत असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, रिकामी पाकिटं आणि पंपसुद्धा (पंप म्हणजे इनहेलर). “पांढरी गोळी सकाळी, पिवळी रात्री” एवढ्यावरून काहीच कळत नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पुडीत बांधून दिलेली औषधं असतील तर तीही दाखवा. दम्याच्या पुड्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी असते. महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर रक्तदाब अचानक खाली जाऊन माणूस गंभीर होऊ शकतो. डॉक्टर रागावतील म्हणून ही पुडी लपवू नका.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे. टीबीची तपासणी करायलाच हवी का?

हो. वजन घटणं, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, बेडक्यातून रक्त यातलं काही असेल तर आजच. तपासणी फुकट आहे, औषधंही फुकट. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यांचीही निक्षयमध्ये, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद होते आणि त्यांनाही सरकारी औषधं मिळू शकतात.

तपासणी फसते ती बहुतेक वेळा डबीत बेडक्याऐवजी लाळ गेल्यामुळे. दोन नमुने लागतात, एक तिथल्या तिथे आणि दुसरा पहाटे उठल्या उठल्या. आधी साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या हवेत जा, घरात किंवा रांगेत उभं राहून नको. दोन-तीन खोल श्वास घ्या, शेवटचा श्वास क्षणभर रोखा आणि पोटातून जोर लावून खोका. घट्ट, पिवळसर, चिकट असं अर्धा चमचा तरी यायला हवं. पाण्यासारखं, फेसाळ आलं तर ते थुंकून टाका आणि पुन्हा प्रयत्न करा. झाकण घट्ट लावा, डबीवर नाव आहे ना ते पाहा.

सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनवरच्या तपासणीत जंतू आहेत का हे कळतं आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही. नुसत्या एक्स-रेवर टीबीचे उपचार सुरू करतो असं कोणी म्हणालं, तर “बेडक्याची मशीनवरची तपासणी झाली का?” हे नक्की विचारा.

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, म्हणून वजन वाढलं की सांगा. लघवी लाल-केशरी होते, घाबरू नका. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा नजर धूसर झाली तर मात्र त्याच दिवशी टीबी केंद्रावर जा. पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून बँक खात्यात महिन्याला १,००० रुपये येतात (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते). पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधारशी न जोडलेलं किंवा बंद पडलेलं खातं. टीबीची मोफत हेल्पलाइन : १८००-११-६६६६.

टीबीचा कोर्स पुरा केला, बेडका निगेटिव्ह आला. तरी जिना चढताना दम लागतो. टीबी परत आला का?

परत आलेलाही असू शकतो, पण त्याहून अधिक शक्यता आहे ती टीबीने मागे ठेवलेल्या नुकसानीची. जंतू मरतात, पण व्रण राहतात. श्वासनळ्या कुठे आकुंचन पावतात, कुठे फुगून पिशवीसारख्या होतात आणि त्यात बेडका साचतो. एक्स-रेवरचा डाग आयुष्यभर दिसत राहतो. नवा डॉक्टर तो डाग पाहतो, खोकला ऐकतो आणि पुन्हा सहा महिन्यांचा कोर्स लिहून देतो. शहरातल्या वस्त्यांमध्ये असे दोन-दोन, तीन-तीन कोर्स झालेली माणसं भेटतात, आणि त्यांतल्या अनेकांना खरी गरज असते ती पंपाची आणि छातीच्या व्यायामाची.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवा. सीबीनॅट जंतूंचा डीएनए शोधतं, आणि मेलेल्या जंतूंचा डीएनएही त्यात सापडतो. त्यामुळे पूर्वी टीबी झालेल्या माणसाचा सीबीनॅट पॉझिटिव्ह आला तरी जिवंत जंतू आहेत की नाहीत हे कल्चरवरूनच, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहिल्यावरच, पक्कं होतं. द्रवातलं कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं. थांबणं जिवावर येतं, पण उगाच घेतलेल्या सहा महिन्यांच्या गोळ्या यकृताला आणि रोजगाराला महागात पडतात. प्रकृती गंभीर असेल तर डॉक्टर वाट न पाहता औषधं सुरू करतील. तो निर्णय त्यांचा.

डॉक्टरांकडे तीन गोष्टी मागा : बेडक्याची मशीन आणि कल्चर तपासणी, फुंकण्याची तपासणी (पीएफटी), आणि सहा मिनिटं चालून ऑक्सिजन किती उतरतो ते पाहणं. नळ्या फुगल्या असतील तर रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं बेडका काढायला द्यायला हवीत. कोणत्या कुशीवर झोपून काढायचा हे फिजिओथेरपी विभाग शिकवतो, पैसे लागत नाहीत. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा तयार होतो आणि त्यातूनही रक्त पडतं. रक्ताचे दोन-चार ठिपके असतील तर पुढच्या ओपीडीला सांगितलं तरी चालेल. चमच्यांनी मोजण्याइतकं रक्त असेल तर थेट कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग.

पीएफटी म्हणजे काय? एक्स-रे काढलाय की!

एक्स-रे फुप्फुसाचं चित्र दाखवतो, नळ्या किती अरुंद झाल्यात हे सांगत नाही. दम्यात एक्स-रे अगदी स्वच्छ असू शकतो.

नाकाला चिमटा लावतात. तोंडात नळी घट्ट धरून छाती भरेल तेवढा श्वास घ्यायचा आणि एकदम, पूर्ण ताकदीने बाहेर फेकायचा. मग थांबायचं नाही, फुप्फुसं रिकामी झाली असं वाटलं तरी निदान सहा सेकंद फुंकत राहायचं. निदान तीन चांगले प्रयत्न लागतात. नंतर साल्ब्युटामॉलचे, म्हणजे नळ्या उघडणाऱ्या औषधाचे, चार पफ देतात आणि १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदाची हवा ही एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर नळ्या अरुंद. औषधानंतर ही पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्के आणि २०० मिली, दोन्हींनी वाढली तर दम्याकडे झुकतं माप. औषधानंतरही ते प्रमाण ७० टक्क्यांखालीच राहिलं तर सीओपीडी, म्हणजे धुराने आलेला कायमचा अडथळा, असा विचार होतो. मात्र बिडी न ओढलेल्या बाईलाही चुलीच्या धुराने सीओपीडी होतो. तिला “तुम्ही बिडी ओढता का?” एवढंच विचारून पुढे पाठवलं, तर त्या चुलीच्या वर्षांचा हिशोब तिनेच मांडावा.

तपासणी बिघडते ती अशी : हळू सुरुवात, ओठांच्या कडेने हवा निसटणं, दोन सेकंदांत थांबणं, भरपेट जेवून येणं, घट्ट ब्लाउज किंवा पट्टा. साल्ब्युटामॉल सहा तास आधीपासून आणि दिवसभर पुरणारे पंप एक-दोन दिवस आधीपासून थांबवायला सांगतात. दम असह्य झाला तर पंप घ्या, आणि घेतला असं तंत्रज्ञाला सांगा. नुकताच हृदयविकाराचा झटका, डोळ्याचं ऑपरेशन, बेडक्यातून रक्त किंवा चालू टीबी असेल तर तपासणी पुढे ढकलतात.

पंपाची सवय लागते म्हणतात. गोळी बरी नाही का?

साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. पंपाचे दोन पफ मिळून २०० मायक्रोग्रॅम. वीसपट औषध रक्तात फिरवून हात थरथरवायचे आणि छाती धडधडवायची, की थोडंसं थेट नळीत टाकायचं? सवय लागत नाही. आजार दीर्घ मुदतीचा आहे म्हणून औषध दीर्घ मुदतीचं. साखरेच्या गोळीला कोणी सवय म्हणत नाही. मुलीचं लग्न ठरायच्या आधी पंप बंद करणाऱ्या घरांनाही हेच सांगणं आहे.

पंप घेतो, पण फरक पडत नाही.

औषध बदलण्याआधी पद्धत तपासा. ओपीडीत “पंप घेता का?” असं विचारतात आणि पेशंट “हो” म्हणतो. “घेऊन दाखवा” म्हटलं की चूक दिसते. तुम्ही स्वतःहून दाखवा.

दाबायचा पंप : टोपी काढा, चार-पाच वेळा हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ घट्ट मिटा. श्वास सावकाश आत घ्यायला लागा आणि त्याच क्षणी एकदाच दाबा. तीन ते पाच सेकंद ओढत राहा. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. चुका ठरलेल्या आहेत : आधी दाबणं आणि मग ओढणं (औषध जिभेवर), जोरात झटक्याने ओढणं (औषध घशावर), एका श्वासात दोनदा दाबणं. तोंडातून किंवा नाकातून धूर निघताना दिसला तर तो डोस वाया गेला.

कॅप्सूलचं यंत्र, म्हणजे रोटाहेलर : इथे उलटा नियम, ओढायचं ते जोरात आणि खोल. कॅप्सूल पारदर्शक बाजू खाली करून चौकोनी भोकात बसवा, तळ फिरवा म्हणजे ती उघडते. यंत्रात फुंकू नका, श्वासाच्या ओलीने पावडर चिकटते. ओढून झाल्यावर आत पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक दर महिन्याला भेटतात, आणि त्यांचा दोष नाही. कॅप्सूल म्हटल्यावर माणूस गिळणारच, देणाऱ्याने सांगायला हवं. पावसाळ्यात कॅप्सूल डबीतून वेळेवरच काढा. मोरीजवळच्या फळीवर ठेवलेल्या कॅप्सूल मऊ पडतात आणि नीट उघडत नाहीत.

स्टेरॉइडचा पंप किंवा कॅप्सूल घेतल्यावर खळखळून चूळ भरा आणि थुंका. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो.

स्पेसर घेतलाच पाहिजे का?

स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लास्टिकची पोकळ नळी. दाबणं आणि ओढणं यांची वेळ जमत नसेल तर हो. वयस्कर माणसं, लहान मुलं आणि जोराचा दम लागलेला कोणीही यात आलं. एक पफ स्पेसरमध्ये सोडा, चार-सहा सावकाश श्वास घ्या, मग दुसरा. आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात की प्लास्टिकमध्ये वीज साठते आणि औषध भिंतीला चिकटतं.

तो विकत घेईपर्यंत ५०० मिलीच्या थंड पेयाच्या स्वच्छ बाटलीवर निभावता येतं. बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक पाडा. तापवलेल्या तारेने आकार नीट निघतो. पंप घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर चिकटपट्टीने बंद करा. बाटलीचं तोंड ओठांत धरा. केपटाउनमध्ये दम्याच्या मुलांवर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी बंदिस्त बाटली कंपनीच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली होती. बाटली आधी साबणाच्या पाण्यातून काढून न पुसता वाळवायची, हे इथेही लागू.

निळा (साल्ब्युटामॉलचा) पंप स्वस्त आहे आणि लगेच बरं वाटतं. तोच पुरे ना?

नाही. तो नळी तेवढ्यापुरती उघडतो, आतली सूज तशीच राहते. दम्यात नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये असं जागतिक मार्गदर्शन २०१९ पासून स्पष्ट आहे. सोबत सूज कमी करणारं औषध हवंच, दम नसतानाही. साधारण पंपात २०० पफ असतात. वर्षाला तीन किंवा अधिक निळे पंप संपत असतील तर दमा आटोक्यात नाही आणि मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला आहे.

किती उरलंय हे कळायला डब्यावर सुरू केल्याची तारीख लिहा आणि भाग करा : रोज चार पफ म्हणजे ५० दिवस. नळकांडं पाण्यात तरंगवून पाहू नका. हलवून आवाज आला म्हणजे औषध आहे असंही नाही, औषध संपल्यावरही गॅस उरतो.

औषध “बाहेरून आणा” म्हणून लिहून दिलंय. परवडत नाही.

आधी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर विचारा की त्याच घटकाचं दुसरं काही उपलब्ध आहे का. असेल तर डॉक्टरांकडून बदलून घ्या. पंपाऐवजी कॅप्सूलने काम भागत असेल तर महिन्याचा खर्च बराच उतरतो. जनऔषधी केंद्रात घटकाच्या नावाने मागा, ब्रँडच्या नावाने नाही. तरी जमत नसेल तर समाजसेवा विभागात, म्हणजे सोशल वर्करकडे जा. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत पुअर बॉक्स फंड असतो. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहे, ओपीडीच्या पंपांचा खर्च त्यात धरून चालू नका. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ईएसआयसी (कामगार विमा) कापली जाते, तर तिथल्या दवाखान्याचा हक्क सोडू नका. कंत्राटी सफाई आणि सुरक्षा कामगारांना आपली ईएसआयसी कापली जाते हेच पुष्कळदा माहीत नसतं. पगाराची पावती पाहा.

घरात काय बदलता येईल? खोली दहा बाय बाराची आहे.

मच्छर कॉइल पहिली काढा. एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. मच्छरदाणी लावा. धूप, अगरबत्ती दाराबाहेर. पोटमाळ्यावर झोपणाऱ्याच्या नाकात खालच्या स्टोव्हचा धूर आणि फोडणीचा खाट सरळ जातो. दम्याच्या माणसाने खाली, दारापाशी झोपावं. फरशीला अॅसिड आणि ब्लीच एकत्र करून लावू नका, त्यातून निघणारा वायू धडधाकट माणसालाही दवाखाना दाखवतो.

आणि कबुतरं. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून शहरात बरीच हमरीतुमरी झाली, त्यात आजाराचा मुद्दा मागे पडला. कबुतरांच्या विष्ठेतले आणि पिसांतले कण सतत श्वासात गेले तर काही माणसांच्या फुप्फुसाला सूज येऊन ते हळूहळू कडक होतं. देशातल्या २७ केंद्रांवरच्या नोंदींत, फुप्फुस कडक होण्याच्या आजारांमध्ये याच प्रकारचा, म्हणजे श्वासातल्या कणांच्या अॅलर्जीचा वाटा निम्म्याच्या आसपास निघाला होता. कोरडा खोकला, वाढत जाणारा दम आणि खिडकीत कबुतरं, असं असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा. विष्ठा कोरडी झाडू नका. मास्क लावा, पाणी मारून ओली करून काढा.

बिडी, सिगारेट सोडायला मोफत मदत : १८००-११-२३५६.

घोरणं म्हणजे गाढ झोप, नाही का?

नेहमी नाही. घोरता घोरता आवाज अचानक थांबतो, काही सेकंद शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, हे गाढ झोपेचं उलटं आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो. रात्रभरात हे शेकडो वेळा होऊ शकतं आणि माणसाला सकाळी आठवतही नाही. रक्तदाब औषधांना दाद देत नाही, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या बसल्या डुलकी, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, ही सोबतची लक्षणं. बायकांमध्ये घोरण्याची तक्रार कमी आणि थकवा, झोप न लागणं, डोकेदुखी जास्त असते, म्हणून त्यांच्या हाती रक्तवाढीच्या गोळ्या पडतात आणि निदान राहून जातं.

आठ गोष्टी मोजा : मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिलेला, रक्तदाब, खूप जास्त वजन, पन्नाशीपुढचं वय, ४० सेंटिमीटरहून जास्त गळा आणि पुरुष असणं. तीन किंवा अधिक जुळल्या तर तपासणी करून घ्या. श्वास थांबतो हे दुसऱ्यालाच दिसतं, त्यामुळे शेजारी झोपणाऱ्याला सोबत न्या, किंवा मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. ओपीडीतल्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा तो जास्त सांगतो.

लहान मूल रोज घोरत असेल तर कान-नाक-घसा विभाग. बहुधा टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ असते.

झोपेची तपासणी घरी होते का?

साधी तपासणी होते. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, नाकाशी पातळ नळी, छातीवर पट्टा. रात्री लावायचं, सकाळी यंत्र परत. गर्दीच्या खोलीतही चालते, दिवा लागला किंवा कोणी ओलांडून गेलं तरी फार बिघडत नाही. नखांवर पॉलिश किंवा मेंदी नको, छातीवर तेल नको. बिघडते ती नळी नाकातून निसटली किंवा बोटाचा चिमटा सुटला म्हणून. दोन्ही कागदी चिकटपट्टीने पक्कं करा.

रात्रपाळीचे वॉचमन, नर्स, कॉल सेंटरवाले : तुम्ही दिवसा झोपत असाल तर तपासणी दिवसाच करा, हे आधीच सांगून ठेवा. हृदय कमकुवत असेल, सीओपीडी जास्त असेल किंवा घरची तपासणी काही दाखवत नसूनही लक्षणं तीव्र असतील, तर रुग्णालयात रात्रभर राहून पूर्ण तपासणी लागते. तिथे डोक्याला तारा लावतात. केस धुऊन, तेल न लावता जा. त्यासाठी प्रतीक्षायादी असते. गाडी चालवण्याचं काम असेल तर ते कागदावर लिहून मागा, नंबर लवकर लागू शकतो.

रिपोर्टमध्ये तासाला किती वेळा श्वास अडला तो आकडा पाहा : ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. सर्वांत खाली उतरलेला ऑक्सिजनही पाहा.

सीपॅप मशीन लिहून दिलंय. चाळीत, जमिनीवर झोपणाऱ्याला जमेल का?

जमतं. मशीन दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवतं, त्यात औषध नसतं आणि ऑक्सिजनही नसतो. साधारण पंचवीस-तीस हजारांपासून पुढे किंमत आहे. विकत घेण्याआधी दोन आठवडे भाड्याने घ्या. ज्यांना मास्क सोसत नाही ते पहिल्या आठवड्यातच कळतं. सेकंडहँड घेत असाल तर किती तास चाललंय ते पडद्यावर पाहा. २०२१ मध्ये फिलिप्सने आतल्या फोमच्या दोषामुळे अनेक जुनी मशीन जगभरातून परत मागवली होती, म्हणून मॉडेल आणि सिरीयल नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

जमिनीवर झोपत असाल तर मशीन उशीशेजारी पाटावर ठेवा. फळीवर, डोक्याच्या वर नको. पाण्याची टाकी असलेलं मशीन वर ठेवलं की नळीत जमलेलं पाणी नाकात येतं. थेट लादीवर ठेवलं तर ते धूळ आणि मुंग्या ओढतं. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि सकाळी उरलेलं ओतून टाका. दमट मुंबईत पुष्कळांना टाकी लागतच नाही. टाकीशिवाय मशीन ३० ते ६० वॅट खातं, आठ तासांना अर्धं युनिटसुद्धा नाही. वीजबिलाची भीती बाळगू नका.

मास्कचा पट्टा झोपल्यावर, मशीन सुरू असताना जुळवा. उभं राहून आवळलेला पट्टा आडवं झालं की गळतो. जास्त आवळल्यानेही गळती वाढते, आणि नाकावर फोड येतो तो वेगळाच. दाढीची खुंटं आणि चेहऱ्यावरचं तेल हीसुद्धा गळतीची कारणं. रात्री चेहरा धुवा, सकाळी मास्क साबणाने. तोंड कोरडं पडत असेल तर तोंड उघडं राहतंय, वेगळा मास्क किंवा हनुवटीचा पट्टा मागा. पहिले काही दिवस संध्याकाळी टीव्ही पाहताना अर्धा तास लावून बसा. निदान चार तास, दहातल्या सात रात्री, हा कमीत कमी वापर धरतात. मशीनमधलं मेमरी कार्ड प्रत्येक भेटीला न्या.

मशीन घेणं शक्यच नाही. मग?

दंतमहाविद्यालयात जबडा पुढे धरणारं उपकरण मिळतं का ते विचारा, सौम्य आणि मध्यम त्रासात ते चालतं. कुशीवर झोपा. सदऱ्याच्या पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू ठेवला की उताणं होता येत नाही. रात्री दारू नको, झोपेच्या गोळ्या नकोत, दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. थायरॉइड तपासा. वजन दहा टक्के उतरलं तर श्वास अडण्याचं प्रमाण साधारण पाव भागाने घटतं. तीव्र त्रासात हे पुरणार नाही. सोशल वर्करमार्फत ट्रस्टना अर्ज करा, अर्जाला रिपोर्ट, डॉक्टरांची शिफारस आणि मशीनचं कोटेशन लागतं.

रिक्षा चालवतो. सिग्नलला डोळा लागतो.

उपचार सुरू होऊन झोप आटोक्यात येईपर्यंत रात्रीची पाळी आणि लांबचं भाडं घेऊ नका. चहा, तंबाखू, खिडकीतला वारा यांनी झोप लांबत नाही, फक्त कळेनाशी होते. पेंग आली तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपा.

घरी ऑक्सिजन लावायला सांगितलंय.

आराम करत असताना, प्रकृती स्थिर असताना ऑक्सिजन ८८ टक्के किंवा खाली असेल तर घरचा ऑक्सिजन आयुष्य वाढवतो, पण तो दिवसाला निदान १५ तास घेतला तरच. दम लागला की दहा मिनिटं लावणं हा उपचार नव्हे. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) साधारण ३५० वॅटचं, म्हणजे १५ तासांना पाच युनिटं, महिन्याला दीडशेच्या आसपास. हा आकडा घरच्यांना आधी सांगा. बिल आल्यावर मशीन बंद पडतं ते असं.

डॉक्टरांनी दोन लिटर लिहिले असतील तर दोनच. सीओपीडीत जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जातो. सीओपीडीत ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं, ९९ नव्हे. मशीन भिंतीपासून हातभर दूर ठेवा, जाळी आठवड्याला धुवा. एका खोलीच्या घरात खरा धोका आगीचा आहे : स्वयंपाक, निरांजन, बिडी यांच्याजवळ ऑक्सिजन चालू नको. स्वयंपाक होईपर्यंत बंद ठेवलेला बरा.

कधी थांबायचं नाही?

एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळे, माणूस गुंगत चाललाय, किंवा ऑक्सिजन नेहमीपेक्षा बराच खाली : १०८ लावा किंवा जवळच्या कॅज्युअल्टीत जा. दम्याच्या माणसाला वाटेत दर वीस मिनिटांनी स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे चार ते दहा पफ, एकामागून एक, देत राहा. आडवं झोपवू नका, बसतं ठेवा.

मे महिन्यात किंवा गणपतीला गावी जातो. औषधांचं काय?

निघण्याच्या आठवडाभर आधी ओपीडीत सांगून जास्त दिवसांची औषधं लिहून घ्या. टीबीचे उपचार चालू असतील तर केंद्रावर गावाचं आणि तालुक्याचं नाव द्या. निक्षयमध्ये बदली होते आणि पुढच्या गोळ्या तिकडच्या आरोग्य केंद्रात मिळतात. पंप एसटीच्या डिकीत किंवा टपावर नको, अंगावरच्या पिशवीत ठेवा, उन्हात तापलेलं नळकांडं फुटू शकतं. सीपॅप नेत असाल तर टाकी रिकामी करून, कोरडी पुसून न्या. गावी वीज रात्री जात असेल तर ज्या रात्री मशीन बंद पडेल त्या रात्री कुशीवर झोपा, आणि चुलीच्या खोलीत अंथरूण घालू नका.